गणपतीच्या शाळेत वाढलेला मुलगा आणि गाड्यांचे डिझाईन: जाणकारांचा सल्ला हवा आहे

मूर्तिशाळा, कुडाळ

सर्वांना नमस्कार.

कुडाळ तालुक्यात आमची गणपतीची शाळा आहे. आजोबांच्या काळापासून ती चालू असून आजही आम्ही शाडूच्याच मूर्ती करतो. थोरला मुलगा यंदा अकरावीला आहे. ज्येष्ठ लागला की तो माझ्याबरोबर माती मळायला बसतो, आणि त्याचा हात चांगला आहे हे मी बाप म्हणून नव्हे, तर त्याच्या कामातल्या चुका रोज काढणारा मूर्तिकार म्हणून सांगतो. परंतु चतुर्थी आटोपली की पुढे कित्येक महिने त्याच्या वह्यांमध्ये गाड्यांशिवाय दुसरे काही नसते. मोटारी, मोटारसायकली, कधी एखादा ट्रक. आणि आता बारावीनंतर आपल्याला गाड्यांचे डिझाईनच करायचे आहे, असे त्याने घरात जाहीर केले आहे.

माझी अडचण अशी, की त्याने काढलेल्या सगळ्या मोटारी मला एकाच आईची लेकरे वाटतात. जमिनीला पोट टेकेल इतक्या बुटक्या, पुढून निमुळत्या, आणि दिवे रागाने बारीक केलेल्या डोळ्यांसारखे. परवा मी त्याला विचारले, ‘‘अरे, हिच्यात माणूस बसतो कुठे? आणि आपल्या पाणंदीतून ही घरापर्यंत येणार कशी?’’ त्यावर ‘‘बाबा, ते इंजिनिअर बघतात, हे डिझाईन आहे,’’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर बरोबर की चूक, हेच मला ठरवता येत नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

गाडीचे डिझाईन करणारा माणूस कंपनीत नेमके काय करतो? तपकिरी मातीची अख्खी मोटार खरवडत बसलेल्या कारागिरांचे छायाचित्र मी एकदा पाहिले होते. संगणकाच्या काळात ते काम खरोखर चालते, की ते केवळ दाखवण्यापुरते असते? आणि या शिक्षणासाठी विज्ञान शाखाच हवी का? मुलगा कला शाखेत आहे, त्यामुळे ही चिंता अधिक आहे.

निवृत्त मॉडेलर, गुहागर

आपण पाहिलेले छायाचित्र खरे आहे. पुण्याकडच्या एका डिझाईन स्टुडिओत मी सत्तावीस वर्षे हेच काम केले आणि आता गावी येऊन राहिलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ती माती शाडू नव्हे. तिच्यात मेण आणि तेल असते, त्यामुळे ती कधीच वाळत नाही आणि तडकतही नाही. साधारण साठ अंशांपर्यंत भट्टीत तापवली की ती लोण्यासारखी लावता येते आणि थंड झाली की कोरण्याजोगी घट्ट होते. आत लोखंडी सांगाडा, त्यावर फोमचे ठोकळे आणि त्यावर एखाद-दोन इंचांचा मातीचा थर, अशी पूर्ण आकाराची मोटार उभी करतात. जनरल मोटर्समध्ये १९२७ साली हार्ली अर्ल या गृहस्थांच्या हाताखाली गाडीच्या रूपाचा स्वतंत्र विभाग निघाला आणि मातीत नमुना करण्याची पद्धत तिथून रुळली. आता ढोबळ आकार संगणकावरच्या आराखड्यावरून यंत्रच कापून देते. पुढचे काम मात्र पोलादी पात्या आणि दातेरी खरवडण्या घेतलेली माणसेच करतात.

संगणक असताना हा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर आपल्याला शाळेतच मिळेल. मूर्तीच्या पोटावरून ओला हात फिरवताना डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळहाताला लागतो ना? मोटारीच्या दारावर तेच करावे लागते. मातीवर चंदेरी पातळ फिल्म ताणून चिकटवतात आणि छतावरच्या दिव्यांच्या रेषा तिच्यावर कशा वाहतात ते चालत चालत पाहतात. रेषा जिथे अडखळते तिथे पृष्ठभाग चुकलेला असतो. चार मीटर लांबीच्या वस्तूवरून उजेड कसा सरकतो, हे हातभर पडद्यावर पुरते कळत नाही.

आता चिरंजीवांच्या उत्तराविषयी. स्टुडिओत ज्याला ‘स्टान्स’ म्हणतात, म्हणजे गाडी चारही चाकांवर कशी उभी राहिली आहे ते, त्याला मी मनातल्या मनात कायम ‘बैठक’ म्हणत आलो. मूर्तीची बैठक चुकली तर डोळ्यांची आखणी कितीही देखणी असली तरी मूर्ती कलंडल्यासारखी दिसते, आणि आखणी तर सगळ्यात शेवटी करायची असते. आपला मुलगा आखणीपासून सुरुवात करतो आहे. नवशिक्यांपैकी बहुतेकांचे हेच होते. मीही पहिली दोन वर्षे दिवेच काढत होतो.

त्याला उलट्या क्रमाने काढायला सांगावे. आधी जमिनीची रेघ, मग दोन चाके. नेहमीच्या लहान मोटारीत पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या मोकळ्या जागेत साधारण तीन चाके मावतात आणि गाडीची उंची अडीच चाकांइतकी भरते. त्याच्या चित्रात ही मापे बहुधा दीड-दोनवर येत असतील. नंतर माणूस बसवावा. बसलेल्या माणसाचा कमरेचा सांधा जमिनीपासून किती उंच, हा बिंदू गाडीच्या आराखड्यात सर्वांत आधी ठरतो, कारण डोक्यावरचे छत, समोरची काच, पायाजवळची जागा आणि दाराची उंची हे सगळे त्याच्यावरून निघते. म्हणजे ‘माणूस बसतो कुठे?’ हा आपला प्रश्न इंजिनिअरचा नव्हता, डिझाईनचाच होता.

एक सावधगिरी मात्र सांगतो. मातीला जे सोसते ते पत्र्याला सोसत नाही. मातीत कितीही खोल आणि धारदार घडी काढता येते. तीच घडी प्रेसमध्ये दाबताना पत्रा फाटतो किंवा सुरकुततो. मातीकाम येणाऱ्या मुलांना हे पटायला वेळ लागतो, कारण त्यांच्या हातांना अडवणारे आजवर काही नसते.

गॅरेजवाला, पावस रस्ता, रत्नागिरी

गुहागरच्या काकांनी वरून लिहिले आहे, मी गाडीच्या खालून लिहितो. माझे आयुष्य तिथेच गेले.

आमच्याकडे गाडी बिघडण्याआधी सडते. खारी हवा, चार महिने पाऊस आणि जांभ्याची तांबडी माती, जी ओली असताना चिखल असते आणि वाळली की सिमेंटसारखी बसते. दाराच्या खालच्या कडेला आतून पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात, हे निम्म्या गाडीमालकांना माहीत नसते. काचेच्या फटीतून शिरलेले पाणी तिथूनच बाहेर पडायचे असते. भोके चिखलाने बुजली की दार आतल्या आत टाकीसारखे भरते आणि बाहेरचा रंग चकचकीत असताना खालचा पत्रा कागदासारखा होतो. दर पावसाळ्याआधी सायकलचा स्पोक घेऊन सगळ्या दारांची भोके मोकळी करणे हे आमच्या गॅरेजमधले पहिले काम असते. एका गाडीत हे भोक दाराच्या सर्वांत खोल जागी नसून त्याच्या बोटभर वर होते. बोटभर पाणी कायमचे राहणार, हे कागदावर कोणाच्याच लक्षात आले नसेल का? ती गाडी काढणाऱ्याने एक पावसाळा इथे काढायला हवा होता.

दुसरी गोष्ट पागोळीची. जुन्या पद्मिनीच्या आणि ॲम्बेसेडरच्या दारांवर छताला लागून एक लहानशी पन्हळ असे. छपरावरचे पाणी तिच्यातून पुढे-मागे ओघळायचे. आता गाड्या गुळगुळीत झाल्या, पन्हळ गेली, आणि भर पावसात दार उघडले की छपरावरची पागोळी थेट सीटवर. कोकणातला माणूस घर बांधताना पहिल्यांदा पागोळी कुठे पडणार ते बघतो. गाडी काढणाऱ्याने ते का बघू नये?

मुलाला चांगले डिझाईन म्हणजे काय ते दाखवायचे असेल, तर बजाजची एखादी जुनी चेतक स्कूटर शोधून ती त्याच्यासमोर उघडा. ती १९७२ साली आली, पण तिचा मूळ विचार इटलीच्या व्हेस्पाचा, १९४६चा. तो करणारे कोरादिनो दास्कानिओ विमाने आणि हेलिकॉप्टर यांचे इंजिनिअर होते आणि त्यांना मोटारसायकल आवडत नसे: साखळीच्या तेलाने कपडे खराब होतात, चाक काढणे जिकिरीचे, पाय टाकून चढावे लागते. म्हणून त्यांनी इंजिन मागच्या चाकापाशी नेऊन झाकले, साखळी काढून टाकली, पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले आणि वेगळा सांगाडा न ठेवता वाकवलेल्या पत्र्यालाच सांगाडा केले. एकूण एक तक्रारीला आकाराने उत्तर आहे. त्यात दोषही होते. इंजिन एका अंगाला असल्याने तोल उजवीकडे जाई, आणि सकाळी चेतक आडवी करून मग किक मारणारे गृहस्थ ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना मी काय सांगू! शिवाय पत्राच सांगाडा असल्यामुळे आमच्या हवेत पाय ठेवायची जागा सडली, की गाडीचा कणाच गेला.

मिरकरवाड्याच्या बंदरावर पहाटे मासळी उचलायला येणाऱ्या मोपेडी एकदा त्याला दाखवा. मागे बर्फाचे क्रेट बांधलेले असते आणि त्यातले खारट पाणी दिवसभर साखळीवर, शॉकॲब्सॉर्बरवर आणि ब्रेकच्या ड्रमवर ठिबकत राहते. त्या पाण्याला वाट काढून देणारी गाडी मी अजून पाहिलेली नाही.

मालवणची, सध्या पवईत

मी आयआयटी मुंबईच्या डिझाईन विभागात शिकते, त्यामुळे शिक्षणाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. हा विभाग १९६९ साली सुरू झाला. बारावीनंतरच्या बी. डेस. या डिझाईनच्या पदवीसाठी यूसीड नावाची प्रवेश परीक्षा असते आणि तिला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो. कला शाखेची अडचण नाही. परीक्षेत चित्र काढण्याचा स्वतंत्र भाग आहे, पण बाकीच्या भागात आकृत्यांची कोडी, आकडेमोड आणि निरीक्षण यांवर भर असल्याने केवळ हाताच्या जोरावर ती पार होत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेची, म्हणजे एनआयडीची, परीक्षा वेगळी असते. वाहनांचा विशेष अभ्यास या संस्थांमध्ये मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर होतो, म्हणजे पहिली चार वर्षे त्याला खुर्च्या, कुलपे आणि स्वयंपाकघरातल्या वस्तू यांच्याशी झुंजावे लागेल, आणि मला वाटते ते चांगलेच आहे.

गॅरेजवाल्या दादांचे बहुतेक म्हणणे मला मान्य आहे, पण पन्हळीच्या बाबतीत थोडी दुरुस्ती सुचवते. ती केवळ दिसण्यासाठी काढली गेली नाही. त्या पट्टीवर वारा अडून वेगात शिट्टीसारखा आवाज होई, हवेचा विरोध वाढे आणि पट्टीच्या सांध्यातच पाणी मुरून गंज धरे. आता छत आणि बाजूचा पत्रा यांचा जोड छताच्या कडेला खाचेत नेऊन त्यावर पट्टी बसवतात. पाणी सीटवर पडते ही तक्रार मात्र खरीच आहे, आणि तिचे उत्तर जुनी पन्हळ परत आणणे हे नसून दुसरे काही असायला हवे. तेच तर शोधायचे असते.

‘ते इंजिनिअर बघतात’ या वाक्याचे आणखी एक औषध म्हणजे गाड्यांच्या आकारामागची कारणे शोधणे. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरांहून कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या मोटारींना करात सवलत मिळाली. स्विफ्ट डिझायर पहिल्यांदा आली तेव्हा ४१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ साली नवी आली ती ३९९५ मिलिमीटरची. डिकी आखूड का झाली, हे ज्याला ठाऊक नाही तो तिला नुसती बेढब म्हणून मोकळा होतो; ठाऊक असलेल्याला मात्र इतक्या कमी जागेत मागची काच आणि डिकीचे झाकण जुळवणाऱ्याची कसरत दिसते. मोटारसायकलचे साडीगार्डही तसेच. मागे बसलेल्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचे चाक निदान अर्धे झाकले पाहिजे, असा आपल्याकडे नियमच आहे; तरीही बहुतेक रेखाटनांत ते नसते आणि शेवटी लोखंडी जाळी म्हणून वरून ठोकले जाते. ते सुरुवातीपासून आकाराचाच भाग मानून कोणी काढले, तर ती माझ्या मते खरी कल्पकता ठरेल.

परदेशातली दोन उदाहरणे आमच्या वर्गात वारंवार निघतात. सित्रोएनची टू-सीव्ही ही मोटार १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आली. नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटता कामा नयेत, ही तिच्यासाठी घातलेली अट होती. होंडाची सुपर कब ही छोटी दुचाकी १९५८ची. एका हातात जेवणाचे ताट सांभाळणाऱ्या पोऱ्यालाही ती चालवता यावी म्हणून तिला क्लचची मूठच ठेवली नाही, आणि चिखल उडू नये म्हणून पुढे प्लॅस्टिकची ढाल दिली. २०१७ पर्यंत अशा दहा कोटींहून अधिक गाड्या बनल्या. दोन्ही ठिकाणी अट इतकी नेमकी होती, की आकार तिच्यामागून आला.

गुहागरच्या काकांना एकच विनंती: मातीबरोबर संगणकावर पृष्ठभाग रचण्याचे कामही शिकायला त्याला सांगा. आता बरेच निर्णय आधी तिथेच होतात.

चिपळूणचा प्रवासी

सगळे छान आहे, पण कोणीतरी कडू बोलायला हवे. देशात असे स्टुडिओ मोजके आहेत आणि प्रत्येकात बाहेरचा आकार काढणारे त्याहून मोजके. माझ्या भाच्याने हे शिक्षण घेतले आणि आज तो डब्यांच्या झाकणांचे डिझाईन करतो. तो सुखात आहे, पण घरच्यांनी मोटारीच्या आशेवर कर्ज काढले होते. आधी मेकॅनिकलचा डिप्लोमा हाताशी असू द्यावा.

निवृत्त मॉडेलर, गुहागर

संगणकाविषयी मालवणच्या ताईंचे म्हणणे योग्य आहे. आमच्या वेळी दोन्हीकडची माणसे एकमेकांना कमी लेखत, आणि त्यात नुकसान आमचेच झाले.

चिपळूणकरांची भीतीही खोटी नाही. मात्र स्टुडिओत फक्त बाहेरचा आकार काढणारेच नसतात. आतली बैठकव्यवस्था, रंग आणि कापड, दिवे, माझ्यासारखे मातीकाम करणारे, संगणकावर पृष्ठभाग घोटणारे, असे अनेक लोक लागतात. यातल्या रंगाच्या कामाला लोक दुय्यम समजतात. पण धातूची चकाकी असलेला रंग उन्हात एक दिसतो आणि सावलीत दुसरा, आणि नागपंचमीनंतर रात्रंदिवस मूर्ती रंगवणाऱ्या मुलाला ही गोष्ट शिकवावी लागत नाही.

मूर्तिशाळा, कुडाळ

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सगळी उत्तरे मी मुलाला वाचून दाखवली. ‘बैठक’ हा शब्द ऐकून तो थोडा हसला आणि नंतर बराच वेळ गप्प बसला. चार मीटरांची गोष्ट मात्र त्याला इतकी लागली, की संध्याकाळी तो मापाची पट्टी घेऊन शेजाऱ्यांच्या गाडीभोवती फिरत होता.

रत्नागिरीला जाणे जमले नाही, म्हणून रविवारी पहाटे आम्ही मालवणच्या बंदरावर गेलो. तिथे मासळी नेणाऱ्या एका मावशींच्या भावाची मोपेड त्याने विचारून मोजली: सीटची उंची, क्रेटची लांबी-रुंदी, आणि क्रेट भरल्यावर मागचे चाक किती दबते तेही. मावशींनी त्याला सांगितले, की पाण्यापेक्षा क्रेट उतरवताना कमरेत भरते याचा त्रास जास्त आहे, कारण कॅरिअर फार उंच आहे. हे आपल्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

घरी येऊन त्याने पाच चित्रे काढली. सर्वांत आधी जमीन, मग चाके, मग मावशी. कॅरिअर सीटच्या खालच्या पातळीवर आणले आहे, क्रेटखाली उतरता पत्रा आहे आणि त्याच्या खालच्या टोकाला पाणी बाहेर सोडणारी रबरी नळी आहे. दिवा एकच आहे, गोल, आणि तो शेवटी काढला. पाचव्या चित्राचे छायाचित्र सोबत जोडले आहे. चुका असतील त्या मोकळेपणाने सांगाव्यात, त्याला सवय आहे.

गॅरेजवाला, पावस रस्ता, रत्नागिरी

छायाचित्र मोठे करून पाहिले. कॅरिअर खाली आणल्याबद्दल त्याला शाबासकी द्या. नळीचे तोंड मात्र बरोबर ब्रेकच्या ड्रमवर येते आहे. ते चार बोटे मागे, मडगार्डच्या बाहेर न्यायला सांगा. आणि नळी जाड घ्या, माशाच्या खवल्यांनी बारीक नळी दोन दिवसांत तुंबते.